इफ्तारीचा डबा

असरची नमाज आटोपली की पापडीच्या रस्त्याला घाई सुटते. फळांच्या गाड्या, खजुराचे ढीग, बर्फात बुडवलेले गुलाबी सरबत, समोशांच्या कढया. पावणेसातच्या आत प्रत्येकाला घर गाठायचे असते. पातेल्यातला वाफाळता हलीम डावाने थेट पातळ पिशवीत उतरतो, वर एक गाठ बसते आणि तो गरम गोळा हातात लोंबकळत घरी जातो. गर्दीत फक्त रोजेदार नसतात. कॅथेड्रलकडून येणारे ख्रिस्ती शेजारी असतात, तलावाकडून फेरफटका मारून परतणारे काका असतात. रमजानचे समोसे सगळ्यांनाच आवडतात.

यंदा तर उपवासांची गर्दीच झाली. महाशिवरात्र, राखेचा बुधवार आणि रमजानचा चाँद पाच दिवसांच्या आत आले. शेजारच्या काकूंकडून शिवरात्रीला रताळ्याचे काप आणि साबुदाण्याची खिचडी आली. पलीकडच्या मावशींचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला आणि आमच्या घरी सहरीचे गजर वाजू लागले. ज्या गावात तीन धर्मांची माणसे एकाच आठवड्यात पोटाला शिस्त लावतात, तिथे पोटात काय जाते याबद्दल मोकळेपणाने बोलायला हरकत नसावी.

हा विषय माझ्या डोक्यात घातला तो माझ्या धाकट्या भावाने. तो शेहेचाळीस वर्षांचा आहे. वसई पूर्वेला वालीवच्या पट्ट्यात एका गाळ्यात पीव्हीसीचे मऊ पाइप बनतात, बागेला पाणी घालायला वापरतात तसले. तिथे तो वीस वर्षे मशीन चालवतो. अंगाने सडपातळ, फक्त पोट तेवढे पुढे. मागच्या ईदनंतर त्याची तीन महिन्यांची साखर तपासली, ती ८.४ निघाली. यंदा डॉक्टरांना विचारून, गोळ्यांच्या वेळा बदलून तो रोजे धरतो आहे. दुसऱ्या रोजाला इफ्तारच्या वेळी मी हलीमची पिशवी आणली. त्याने ती बोटांत चोळून पाहिली, माझ्याकडे बघितले आणि विचारले, "भाईजान, तुम्ही शिकलेले आहात, खरे सांगा. आमच्या गाळ्यात पिंपातून ओततो त्या डीओपीने मला साखर झाली का?"

मी भाषा शिकवतो, वैद्यक नाही. पण प्रश्न घरातला होता. तरावीहनंतर वाचायला बसलो, डॉक्टर मित्रांना विचारले. जे कळले ते इथे मांडतो आहे.

मोहन घातलेले प्लॅस्टिक

शंकरपाळी करताना पिठात मोहन घालतात. मोहन पिठाशी एकजीव होत नाही, ते कणांच्या मध्ये शिरून त्यांना मोकळे ठेवते, म्हणून पदार्थ खुसखुशीत होतो. तेच मोहन नंतर कागदावर तेलकट डाग होऊन उतरते. प्लॅस्टिसायझरचे अगदी असेच आहे. पीव्हीसी मुळात कडक आणि ठिसूळ असते. १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने ते मऊ करण्याची युक्ती शोधली आणि त्यातून पुढे रेनकोट, वायरींची आवरणे, रेक्झिन, टेबलावरचे कव्हर, पाइप, फरशीची चटई असा मोठा संसार उभा राहिला. मऊ पीव्हीसीमध्ये वजनाच्या तीस-चाळीस टक्क्यांपर्यंतसुद्धा हे 'मोहन' असू शकते.

या कामी सर्वाधिक वापरले गेलेले कुटुंब म्हणजे थॅलेट. त्यातले सर्वांत प्रसिद्ध डीईएचपी. आपल्या कारखान्यांत त्यालाच डीओपी म्हणतात. रंगहीन, तेलासारखे, वास जवळपास नाही. ते प्लॅस्टिकच्या रेणूंना रासायनिक गाठीने बांधलेले नसते, नुसते मध्ये बसलेले असते. म्हणून ते हळूहळू बाहेर पडते. उष्णता मिळाली की जास्त पडते, स्निग्ध पदार्थाचा स्पर्श झाला की आणखी जास्त, कारण त्याची खरी मैत्री तेला-तुपाशी आहे.

इथे भावानेच मला एक गोष्ट शिकवली. तो म्हणाला, "ही हलीमची पिशवी पीव्हीसीची नाही, एलडीची आहे. एलडीला डीओपी लागत नाही." बरोबर आहे. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन हे मुळातच लवचीक असतात. पाण्याच्या बाटलीवर 'पेट' लिहिलेले असते, त्या पेटच्या लांबलचक नावात 'थॅलेट' ऐकू येते, पण ते मऊ करणारे थॅलेट नव्हे. तेव्हा दिसेल त्या प्लॅस्टिकला डीओपी म्हणणे चूक.

पण मग भावाने स्वतःच पुढचा प्रश्न विचारला, "ही पिशवी नव्या दाण्याची की भंगाराची, हे तुम्हाला कसे कळणार?" खरी अडचण तीच आहे. पुनर्वापराच्या मालात कशाचे काय मिसळले ते डोळ्यांना दिसत नाही. छपाईची शाई आणि चिकट द्रव्य यांतही थॅलेट असू शकतात. शिवाय अन्न आपल्या हाती येण्यापूर्वी कुठल्या नळीतून वाहिले, कुठल्या हातमोज्यांनी हाताळले गेले, तेही ठाऊक नसते. जपानमध्ये हे लक्षात आले ते जेवणाच्या डब्यांमुळेच. तिथे दुकानात मिळणाऱ्या तयार डब्यांत आणि रुग्णालयांच्या जेवणात डीईएचपी भरपूर सापडले. शोध घेतला तेव्हा उगम निघाला तो स्वयंपाक्यांच्या पीव्हीसी हातमोज्यांत. मोजे निर्जंतुक करायला अल्कोहोल फवारत, त्याने रसायन आणखी सुटत होते. २००० साली तिथल्या सरकारने अन्नाच्या कामात असले मोजे वापरू नका असे बजावले आणि नंतरच्या तपासण्यांत डब्यांतले प्रमाण उतरले. कुणालाही न दिसणारी वाट एकदा सापडली की ती बंद करता येते, हा या गोष्टीतला दिलासा.

प्लॅस्टिकच्या घरातले दुसरे चर्चेतले रसायन बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए. ते मऊ करण्यासाठी वापरत नाहीत. पॉलिकार्बोनेट नावाचे कडक पारदर्शक प्लॅस्टिक, अन्नाच्या डबाबंद टिनांचा आतला थर आणि दुकानातल्या गुळगुळीत पावत्यांचा कागद यांत ते असते. २०११ साली अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी ७५ जणांना पाच दिवस रोज टिनमधले सूप आणि नंतर पाच दिवस ताजे सूप दिले, काहींना उलट क्रमाने. टिनच्या दिवसांत लघवीतले बीपीए दहापटींहून अधिक वाढले होते.

शरीरात गेल्यावर

डीईएचपी शरीरात साठून राहत नाही. यकृत आणि आतडे त्याचे तुकडे करतात आणि बहुतेक भाग एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातो. मग काळजी कशाची? तळाला भोक असलेली बादली वाहत्या नळाखाली ठेवून पाहा. पाणी सतत गळते, पण नळ चालू असल्याने बादली कधी रिकामी होत नाही. आपला नळ रोज, तिन्ही त्रिकाळ चालू आहे.

हे तुकडे शरीराच्या निरोप्यांमध्ये, म्हणजे संप्रेरकांमध्ये, लुडबुड करतात. मेदाच्या पेशी घडवण्याची आणि साखर हाताळण्याची एक किल्ली पेशींमध्ये असते. मधुमेहाचे एक जुने औषध, पायोग्लिटाझोन, तीच किल्ली मुद्दाम फिरवते. डीईएचपीपासून बनलेला तुकडाही त्या किल्लीला हात लावतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. औषधाची मात्रा डॉक्टर ठरवतात, वेळ ठरवतात. या लुडबुडीची मात्रा कुणी ठरवलेली नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी अशा रसायनांना 'ओबेसोजेन' असे नाव दिले, म्हणजे अंगावर चरबी चढवायला हातभार लावणारी द्रव्ये.

माणसांमध्ये काय दिसले? २००७ मध्ये अमेरिकी पुरुषांच्या पाहणीत ज्यांच्या लघवीत थॅलेटचे तुकडे जास्त, त्यांचा कमरेचा घेर आणि इन्सुलिनला न जुमानण्याची वृत्तीही जास्त आढळली. २०१२ मध्ये सुमारे २,३५० अमेरिकी स्त्रियांच्या अभ्यासात काही थॅलेटचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या गटात मधुमेहाची शक्यता सर्वांत कमी प्रमाणाच्या गटापेक्षा जवळपास दुप्पट निघाली. परिचारिकांच्या एका दीर्घकालीन अभ्यासात मात्र चित्र संमिश्र होते. मध्यमवयीन स्त्रियांत हा संबंध दिसला, वयस्कर स्त्रियांत दिसला नाही.

एप्रिल २०२५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील संशोधकांनी जगभराचा अंदाज मांडला. २०१८ या एका वर्षात ५५ ते ६४ वयातल्या हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी ३ लाख ५६ हजारांहून अधिक मृत्यूंशी डीईएचपीचा संबंध जोडता येतो, असा तो हिशेब. त्यात सर्वांत मोठा आकडा भारताचा होता, १ लाख ३ हजार ५८७.

हा आकडा वाचून घाबरण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. तो मोजून काढलेला नाही, गणिती नमुन्यातून बांधलेला अंदाज आहे. आणि अशा बहुतेक अभ्यासांत संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. ज्याच्या शरीरात थॅलेट जास्त, तो बहुधा पाकिटातले, तळलेले, तयार अन्नही जास्त खातो. मग साखर वाढली ती रसायनाने की समोशाने? एकदा घेतलेल्या लघवीच्या नमुन्यावरून वर्षांचा हिशेब लावणेही अवघड, कारण रसायन दिवसभरात बदलत राहते. म्हणून शास्त्रज्ञ 'कारण' हा शब्द जपून वापरतात. आपणही जपून वापरावा.

पण आपल्याकडे या प्रश्नाला वेगळी धार आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पोटाचा घेर वाढलेल्यांचे प्रमाण जवळपास ४० टक्के. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कित्येक वर्षांपूर्वीच दाखवून दिले की भारतीय माणूस बारीक दिसला तरी आतून मेदाळ असू शकतो. २००४ साली त्यांनी इंग्लंडमधल्या आपल्या सहकाऱ्याशी स्वतःची तुलना छापली होती. दोघांचे उंची-वजनाचे गुणोत्तर सारखे, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी दुपटीहून अधिक. माझ्या भावाचे सडपातळ हातपाय आणि पुढे आलेले पोट मला तेव्हा नीट समजले. ज्या शरीरांचा तोल आधीच नाजूक आहे, तिथे लहानशी लुडबुडही फुकट घेऊ नये, एवढे तर म्हणता येते.

उपवासाने काय कळले

वाचताना मला सर्वांत नवल वाटले ते तीन छोट्या अभ्यासांचे. तिन्ही रमजानच्या पानावर शोभतील असे आहेत.

पहिला जर्मनीतला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. पाच स्वयंसेवकांनी ४८ तास काही खाल्ले नाही. फक्त पाणी, तेही काचेच्या बाटलीतले. दर वेळची लघवी तपासली. पहिल्या चोवीस तासांतच डीईएचपीसारख्या जड थॅलेटचे तुकडे पाच ते दहा पटींनी खाली आले. म्हणजे ते येत होते ते मुख्यतः अन्नातून. हलक्या थॅलेटचे प्रमाण मात्र उतरले नाही, कारण ते अत्तरे, साबण, लोशन, घरातली हवा अशा वाटांनी येत होते.

दुसरा दक्षिण कोरियातला, २०१० चा. तिथे बौद्ध मठात पाच दिवस राहून भिक्षूंसारखे साधे शाकाहारी जेवण घेण्याची सोय आहे. अशा २५ जणांची आधी आणि नंतर तपासणी केली, तेव्हा पाच दिवसांत त्यांच्या लघवीतले थॅलेटचे तुकडे आणि प्रतिजैविकांचे अंशही घटलेले आढळले.

तिसरा अमेरिकेतला, २०११ चा. पाच कुटुंबांतल्या वीस जणांना तीन दिवस ताज्या जिन्नसांचे, प्लॅस्टिकचा स्पर्श टाळून शिजवलेले आणि काच-स्टीलच्या भांड्यांत ठेवलेले जेवण पुरवले. बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी उतरले, डीईएचपीचे तुकडे निम्म्याहून खाली गेले. पुन्हा नेहमीचे जेवण सुरू झाल्यावर आकडे परत वर चढले.

माणसे थोडी, दिवस थोडे. कुणाचा मधुमेह यांनी बरा झाला असे कुणी म्हटलेले नाही. पण नळ आपल्या हातात आहे आणि तो बंद केला की बादली लवकर रिकामी होते, एवढे या तिन्हींनी दाखवले. मठातले पाच दिवस जर हे करू शकतात, तर रमजानचे तीस दिवस काय करू शकतील?

इथेच मला स्वतःची लाज वाटली. दिवसभर आपण पोट रिकामे ठेवतो आणि सूर्य मावळताच तासाभरात उष्ण, तेलकट, तिखट असे सगळे त्या पिशव्यांतून रिचवतो. उष्णता, तेल आणि वेळ, रसायन सुटायला जे जे लागते ते सगळे इफ्तारीच्या पिशवीत एकत्र असते. दिवसभराचा संयम संध्याकाळच्या गाठीत अडकतो.

कुरआनात अन्नाविषयी बोलताना 'हलाल' आणि 'तय्यब' हे दोन शब्द जोडीने येतात. हलाल म्हणजे अनुमती असलेले. तय्यब म्हणजे निर्मळ, चांगले, आरोग्याला मानवणारे. आपल्याकडे पहिल्या शब्दाची चौकशी फार होते. मांस कुठून आणले, कुणी कापले, हे आपण हमखास विचारतो. ते घरी कशातून आणले, हा दुसऱ्या शब्दाचा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. मीही इतकी वर्षे विचारला नव्हता.

कायदा नाल्यांपाशी थांबला

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. पिशव्यांबरोबर पार्सलचे डबे, ताटे, पेले आणि पातळ पदार्थ भरायची पाकिटेही त्या यादीत होती. त्याच वर्षी जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेले आणि तुंबलेल्या नाल्यांतल्या पिशव्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. १ जुलै २०२२ पासून केंद्रानेही एकदाच वापरायच्या काही वस्तू बंद केल्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्लॅस्टिकमधून एक किलो अन्नात एकूण ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त द्रव्य उतरता कामा नये. छापील वर्तमानपत्रात अन्न बांधण्यासही त्याच नियमांनी मनाई आहे. युरोपीय संघाने तर अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमधून बीपीए हद्दपार करण्याचा नियम जानेवारी २०२५ पासून लागू केला आहे.

नियम आहेत. पण आपण प्लॅस्टिकबंदीची चर्चा केली ती नाले, गायी आणि समुद्र यांच्यासाठी. स्वतःच्या पोटासाठी केली नाही. म्हणून तपासणीची गाडी गेली की पिशवी परत बाहेर येते.

यात गाडीवाल्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. महिनाभराच्या कमाईवर त्याचे वर्ष चालते. गिऱ्हाईक हात हलवत येते, पिशवी मागते, नाही दिली तर पुढच्या गाडीवर जाते. पिशवी त्याची नाही, आपली आहे.

मशिदीतली बैठक

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीतून रोज संध्याकाळी हलीम वाटला जातो. पहिल्या जुम्म्याला मी भीत भीत विषय काढला. एक बुजुर्ग म्हणाले, "प्रोफेसर साहेब, लोक घाईत असतात, भांडी कोण आणणार?" दुसरे म्हणाले की कागदी पेले मागवू. मी सांगितले की कागदी पेल्याच्या आतही प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या २०२० च्या अभ्यासात गरम पाणी पंधरा मिनिटे ठेवल्यावर शंभर मिलिलिटरमागे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण सुटलेले आढळले होते. मग भावाने, जो एरवी बैठकीत तोंड उघडत नाही, एवढेच सांगितले, "मी वीस वर्षे हे तेल ओततो आहे. मला माहीत आहे ते काय आहे. माझ्या मुलांच्या हलीमात मला ते नको." त्यानंतर फार चर्चा झाली नाही.

ठरले असे की भांडे आणणाऱ्याची रांग वेगळी आणि ती आधी. पहिल्या दोन दिवशी पाच-सहाच डबे आले. चौथ्या दिवशी पोरे घरून पातेली, कडीचे डबे, एकजण तर कळशी घेऊन आला. वेगळी रांग लवकर संपते हे लोकांना रसायनशास्त्रापेक्षा लवकर पटले. पिशव्या पूर्ण थांबल्या आहेत असे म्हणणार नाही. ज्यांना घरच नाही, जे स्टेशनवरून थेट येतात, त्यांच्यासाठी आम्ही केळीच्या पानाचे द्रोण ठेवले. वसई हे केळीच्या बागांचे गाव. माझ्या लहानपणी सुकेळी घेतली तर ती केळीच्याच वाळक्या पानात बांधून मिळे. पान नवीन नाही, आपण ते विसरलो होतो.

घरात करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत:

• गरम आणि तेलकट पदार्थ प्लॅस्टिकमध्ये घेऊ नयेत. स्टील, काच, चिनीमाती, पान चालेल. थंड, कोरडे जिन्नस प्लॅस्टिकमध्ये असतील तर त्याची तेवढी धास्ती नको.
• मायक्रोवेव्हमध्ये प्लॅस्टिकचा डबा ठेवू नये, डब्यावर काहीही लिहिलेले असो.
• 'बीपीए-फ्री' म्हणजे सर्व रसायनांपासून मुक्त नव्हे. बऱ्याचदा त्याच कुटुंबातले दुसरे रसायन वापरलेले असते.
• लोणचे, तूप, तेल बरणीत काढून ठेवावे. चरे पडलेले जुने डबे अन्नासाठी वापरू नयेत.
• सहरी-इफ्तारसाठी माठातले पाणी, ताजी फळे, घरचे जेवण. यात प्लॅस्टिकही कमी होते आणि साखर-तेलही. खरा फायदा त्या दुहेरीत आहे.
• पीव्हीसीच्या कामात असलेल्यांनी गाळ्यात हवा खेळती ठेवण्याचा आग्रह धरावा, हात धुतल्याशिवाय खाऊ नये, कामाचे कपडे वेगळे धुवावेत आणि वर्षातून एकदा साखर, रक्तदाब तपासून घ्यावा.
• मधुमेह असलेल्यांनी रोजे धरण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. साखर फार उतरली तर रोजा सोडण्याची मुभा धर्मानेच दिली आहे. डबा बदलणे हा गोळीला पर्याय नाही.

भावाला काय सांगितले

प्रश्न अजून तिथेच होता. मी त्याला जसे होते तसे सांगितले. पीव्हीसीच्या कामगारांच्या लघवीत हे तुकडे इतरांपेक्षा जास्त सापडतात, हे वेगवेगळ्या देशांत दिसले आहे. पण एका माणसाची साखर कशाने वाढली, हे कुणीही बोट ठेवून सांगू शकत नाही. आपल्या अम्मीला साखर होती. तू रात्रपाळी करतोस. चहात तीन चमचे घालतोस. आणि तू डीओपी ओततोस. या चारांपैकी अम्मी बदलता येत नाही, बाकीच्या तिघांवर थोडेफार काही करता येईल.

तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नोकरी तर सोडता येणार नाही." खरे आहे. दोन मुले शिकत आहेत. जे रोज त्याच्या श्वासात जाते, त्याचे उत्तर मशिदीच्या डब्यात नाही. ते गाळ्याच्या पंख्यात, मालकाच्या खर्चात आणि निरीक्षकाच्या भेटीत आहे. आपण घरी स्टीलचे डबे वापरून सुटलो असे समजलो, तर ज्यांच्या हातून ते मऊ पाइप आणि चटया आपल्या घरी येतात, त्यांना आपण विसरलो असे होईल. रमजान भुकेल्याची भूक कळावी म्हणून असतो असे आम्ही मुलांना सांगतो. राबणाऱ्याच्या श्वासाचे दुःखही त्यातच धरायला हवे. पुढच्या आठवड्यात तो आणि त्याचे दोन सोबती मालकाकडे हवा ओढणाऱ्या पंख्याची मागणी घेऊन जाणार आहेत. काय होते ते बघायचे.

रस्सा करताना थोडे पाणी वाढवावे आणि शेजाऱ्यालाही द्यावे, अशी पैगंबरांची शिकवण आम्हाला लहानपणापासून सांगितली जाते. आमच्या गल्लीत ती वाटी नेहमीच फिरत होती, मधल्या काळात तिची पिशवी झाली होती. पिशवी एकदा दिली की संपली, ती परत येत नाही. डबा परत येतो, आणि आपल्याकडे तो रिकामा पाठवायची पद्धत नाही.

परवा शुक्रवारी मावशींकडे डबा पाठवला. त्यांचा प्रायश्चित्तकाळ, शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून हलीम न देता फळे आणि दही-वडे दिले. काल डबा परत आला. आत त्यांच्या परसातली पिकलेली केळी होती, इफ्तारला कामी येतील म्हणून. भावाने त्यातले अर्धेच केळे घेतले. साखर आहे ना.